रजेचा अर्ज

मेव्हण्याच्या लग्नाला साहेबाने दोन दिवसांची रजा नाकारली, तेव्हा चुडामणने जळगावच्या इंजिन कंपनीतली फिटरची नोकरी तिथल्या तिथे सोडली आणि भडगावात ऑइल इंजिन दुरुस्तीचं स्वतःचं दुकान थाटलं. "आता रजेसाठी कोणापुढे हात जोडायचे नाहीत," असं तो बायकोला, भागाबाईला, मोठ्या ऐटीत म्हणाला होता. त्याला पाच वर्षं झाली. रोज कोणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन बंद पडायचं, केळी तहानलेली राहायची, आणि चुडामण पाना घेऊन धावायचा.

परवा भागाबाई डबा घेऊन दुकानात आली आणि तिने एक कागद पुढे केला. "हाई तुमना मालकले द्या."

चौथी शिकलेल्या अक्षरात लिहिलं होतं : 'मालकसाहेबांस नमस्कार. आपल्याकडे कामाला असलेल्या माझ्या नवऱ्यास पाच वर्षांत एक रजा नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे धुळ्यास लग्न आहे. दोन दिवस सोडावे.'

चुडामणने काळे हात पुसले, कानावरची पेन्सिल काढून खाली 'मंजूर' लिहिलं आणि मिशीत हसत विचारलं, "मालकले बी आमंत्रण शे का?"

"नको. त्याले दुकानमा ऱ्हाऊ द्या," भागाबाई म्हणाली. "माले फक्त मना नवरा धाडा."