दोघांची बरोबरी

दिल्लीहून आलेला वकील भाचा घरात न शिरता ओट्यावरच टेकला, हेच चांगुणाबाईला खटकलं. एरवी मेला आधी कालवणाचं झाकण उघडायचा.

"मावशी, मासळी सुकवायच्या जागेचा निकाल अडकला. एक न्यायाधीश आपल्या बाजूनं, एक बिल्डरच्या. आता पुन्हा तिघांपुढं."

"आमच्या कोळीवाड्यात पंच पाच बसतात, बरोबरी होऊ नये म्हणून. देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात दोघंच?"

"वर्षं जातील गं. त्यापेक्षा तडजोड कर. बिल्डर भला माणूस आहे."

भला? कालपर्यंत ह्याच्याच तोंडी तो चोर होता. तिनं रोखून पाहिलं, तशी त्यानं नजर चुकवली.

"दिल्लीत दोघांचं फाटलं म्हणून तिसरा लागतो," ती म्हणाली. "तुझा निकाल द्यायला मी एकटी पुरे. खटल्याचे कागद ठेव आणि ऊठ."