बियाण्यातले फासे

सुकरीनं टोपली उलटी केली आणि धानासोबत नूतनचे फासे देवापुढच्या ढिगात पडले.

लाल, निळे, झऱ्याच्या पाण्यासारखे आरपार दिसणारे. चार टोकांचे, बारा अंगांचे, वीस अंगांचे. घरोघरच्या धानात, कोसरी-बरबटीच्या दाण्यांत ते घरंगळले आणि तिथेच चमकत राहिले. मोहाच्या झाडाखाली बसलेलं सारं गाव पुढे सरकून पाहू लागलं.

बीज पंडुमचा दिवस होता. पेरणीआधी प्रत्येक घरानं आपलं बियाणं आणून एकाच ढिगात ओतायचं, ही त्या गावची रीत. मग कोणाचं कोणतं, हे विचारायचं नाही. गायता, म्हणजे गावचा पुजारी, पूजा करून ते पुन्हा सगळ्यांना वाटतो. आलेला वाटा परत करता येत नाही. न पेरता ठेवताही येत नाही.

"आजी, हे काय केलं व तू!" नूतनचा आवाज फाटला. "माहे फासे हायेत ते!"

"मंग? साऱ्याईनं आनलं, म्याबी आनलं," सुकरी म्हणाली. "डब्यात कोंडलेल्या बियान्याले कीड लागते, पालवी नाई फुटत."

सुकरीची जीभ म्हणजे धार लावलेला विळा. गावातले बाप्ये तिच्या दारावरून जाताना खोकला दाबून जात. पण त्या जिभेवर एक शब्द कधी चढला नव्हता. राह. मुलगा कामासाठी परमुलखात गेला, सून त्याच्यामागे गेली, सुकरीनं कोणाला राह म्हटलं नाही. मागे उरली नूतन. तिला सुकरीनंच वाढवलं, आणि शिकायला चंद्रपूरला धाडलं.

तिथे पोरीला या खेळाचं वेड लागलं. चार-पाच जण गोल बसतात. एक जण गोष्ट सांगतो, समोर अंधारी गुहा आहे म्हणतो. दुसरा सांगतो, मी आत शिरतो. साधलं की फसलं, ते फासा ठरवतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, गोष्ट तेवढी पुढे जात राहते. नूतननं हौसेनं फासे जमवले. पुढे सोबती पांगले, आणि पांगताना प्रत्येक जण आपला एक फासा तिच्या हाती ठेवून गेला.

होळीला ती घरी आली, तेव्हापासून रोज डबा उघडायची. फासे ओळीनं मांडायची, पदरानं पुसायची, पुन्हा डब्यात भरायची. कोणाला हात लावू देत नव्हती. "इथी खेळू कोनासंग?" म्हणायची. येत्या सोमवारच्या गाडीनं चंद्रपूरला परत जायचं तिनं ठरवलं होतं.

डबा रिकामा झाला की पोरीचा पाय अडकेल, एवढंच सुकरीला सुचलं होतं.

वारलू गायत्यानं एक फासा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "देवापुढं पडलं, थे साऱ्याचं झालं." त्यानं पळसाच्या पानांचा द्रोण भरला आणि वाटायला सुरुवात केली. प्रत्येक ओंजळीत धानासोबत काहीतरी चमकत गेलं. शेजारच्या भागीरथेच्या वाट्याला आरपार दिसणारा फासा आला. तिनं तो उन्हाकडे धरला आणि डोळ्याची पापणी हलवायची विसरली.

नूतन घरी आली. बाजेवर बॅग टाकून कपडे भरू लागली.

"उद्याच जातो मी," ती म्हणाली.

सुकरी झाडलेलं अंगण पुन्हा झाडत राहिली. तो एक शब्द आताही जिभेवर चढला नाही.

गुरं परतायच्या वेळेला फाटक वाजलं. भागीरथा होती. तिच्या मागे वारलू गायता. त्याच्या मागे काठी टेकत कोलू म्हातारा, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, सारं गाव. शेजारच्या चुलीतला निखारा जपून आणावा, तशी प्रत्येकानं एक मूठ छातीशी धरली होती.

अंगणात येऊन त्यांनी मुठी उघडल्या. नूतन दारात आली.

उतरतं ऊन त्या तळहातांवर पडलं. अंगणभर लाल-निळा उजेड थरथरला. सुकरीच्या हातातला झाडू गळाला. जन्मभर तिनं माणसांना बियाणं धरताना पाहिलं होतं. असं धरलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिचे हात आपसूक जुळले.

ज्याच्यापुढे गाव वाकतं, तो वारलू गायता त्या पोरीपुढे वाकला.

"नूतनबाई, धान पेराचं थे आमाले समजते. औंदा देवानं हे देलं. हे पेराचं कसं, थे तू सांग."

नूतन दारातून खाली उतरली. ती एकेका तळहाताकडे पाहत राहिली. मग अंगणाच्या मधोमध येऊन मातीत बसली.

"गोल बसा," ती म्हणाली. गाव बसलं. "समजा, नदीले पूर आला. पल्याड नेनारा डोंगा वाहून गेला. तुमी सारे अल्याड. भागीरथाकाकू, तुमी काय करता?"

"काय करता म्हंजे? पल्याड माहेर हाय माहं. जातो ना मी!"

सारे हसले.

"मंग टाका फासा."

भागीरथेनं फासा कपाळाला लावून टाकला. सारवलेल्या भुईवरून तो घरंगळत गेला. सारं गाव त्याच्यावर वाकलं, गायत्याच्या मंत्राला वाकावं तसं.

सुकरीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अन् उद्याची गाडी?" तिनं विचारलं.

नूतननं फाशावरची नजर हलवली नाही.

"पेरून कोनी जाते काय, आजी? राखनीले राहा लागते."