आईचं कार्ड

“ज्याला मालकीणबाईंच्या घरातली माणसं मोजता येत नाहीत, ते गिऱ्हाइकांचं काय डोंबल मोजणार?”

काचेच्या भिंतीपलीकडून हिशेबनीसकाकांची कुरकुर ताईला स्पष्ट ऐकू आली. ऐकू यावी म्हणूनच ती होती. मग होडीएवढे बूट करकरवत काका बैठकीच्या खोलीकडे गेले. एकटा जीव, घरी बोलायला कुणी नाही म्हणून दुकानात बोलतो, असं सगळे म्हणत.

आज दुकानांची मालकीण म्हणून आई ठरवणार होती. ताईनं हाडाची काडं करून उभी केलेली यंत्रणा सगळ्या दुकानांत लावायची, की गुंडाळायची.

यंत्रणा गिऱ्हाइकांच्या खरेदी-कार्डांवरून कोण, कधी, कशासोबत काय घेतं ते सारं गोळा करी आणि त्या ढिगाऱ्यातून माणसांची गरज हुडकून काढी. इस्पितळाजवळच्या दुकानात लोक सपाता, कंगवा आणि चार्जर एकदमच घेतात, हे यंत्रणेनं दाखवलं. पेशंटला घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी धावत आलेले नातेवाईक ते. इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ताईनं तिन्ही वस्तू दाराशीच मांडल्या. मांडणी रोज रिकामी होऊ लागली. दूध किती खपेल तेही आधीच कळू लागलं, नासलेलं ओतून देणं थांबलं. बंद करायला काढलेलं दुकान बाळसं धरू लागलं.

घोडं अडलं होतं एकाच घराशी. चाचणीला ताईनं आईचं कार्ड घेतलं, कारण उत्तर माहीत होतं. बाबा गेल्यापासून आई एकटी. यंत्रणा मात्र हट्टानं सांगे, घरात दोघं.

ताईनं खरेदी उघडून पाहिली. आई अजून बाबांसाठीच सामान घेत असणार. दाढीचा फेस. बिनसाखरेची बिस्किटं, बाबांना मधुमेह होता. पुरुषांचे मोजे, तेही भलत्याच मोठ्या मापाचे. दुःखात माप कुठलं आठवायला?

तिनं दादाला दाखवलं. “आईला विचारू नकोस,” तो म्हणाला. “तेवढं एक घर हातानं दुरुस्त कर. लिही, एकटी.”

“एका घरासाठी खोटं शिकवलं, तर उद्या सगळ्या घरांबद्दल खोटं सांगेल,” ताई म्हणाली. तसंच ठेवलं.

बैठकीत आईनं स्वतः चहा केला. सगळ्यांच्या कपात साखर घातली, काकांचा कप तसाच पुढे सरकवला. पडद्यावर दुकानांचे चढते आकडे होते. दादासुद्धा मान डोलावत होता.

“सगळं ठीक आहे,” काका घाम पुसत म्हणाले, “पण जे एकाला दोन म्हणतं, ते बंदच केलेलं बरं. उगाच नसते घोटाळे.”

दादानं चहात डोकं घातलं. ताई टेबलाकडे बघत राहिली. बाबांचं नाव कोण काढणार?

आईनं कप खाली ठेवला.

“यंत्रणा सगळ्या दुकानांत लागेल,” ती म्हणाली. “माझ्या पोरीनं केलंय, चोख केलंय. तिचं काही चुकलेलं नाही.”

ताईनं दचकून मान वर केली. आई तिच्याकडे बघतच नव्हती. काकांच्या करकरत्या बुटांकडे बघून ती हसत होती.

“आणि अहो, तुम्ही आजपासून मागच्या दारानं घरी येणं बंद करा.”