मशीनचे नखरे

"पेशंट नुसता जबडा दुखतोय म्हणाला, तरी आधी ईसीजी काढायचा," असं प्रत्येक नव्या सिस्टरला बजावणारे इमर्जन्सीतले टेक्निशियन काका रोज सकाळी स्वतःच्याच छातीला वायरी लावून मशीन तपासायचे.

आज रेघा भलत्याच आल्या. काकांनी वायरी बदलल्या, कागद बदलला, मशीनला दोन चापट्याही मारल्या, पण रेघा तशाच. एक तर पहाटेपासून दाढ ठणकत होती, त्यात हे. "ऐन गर्दीच्या वेळी याचे नखरे," असं पुटपुटत ते मशीन उचलून दोन जिने चढले आणि घामाघूम होऊन दुरुस्ती विभागात पोहोचले.

तिथल्या मेकॅनिकने वायरी स्वतःला लावून पाहिल्या आणि घाईघाईने खुर्ची पुढे ओढली.


"बसा काका. मशीन ठणठणीत आहे."