सुटण्याचं माप

बुटांचे सोल चिकटवण्यात जन्म गेलेल्या बापापुढे लेकीने हेल्मेट आणि कॅमेरा ठेवला. "बाबा, हा कॅमेरा हेल्मेटवर लावून द्या. उद्या डोंगरात मोटारसायकलची शर्यत. खड्ड्यांत हलायला नको, पण पडले तर सुटायला हवा." "मी चिकटवलेलं सुटलं तर गिऱ्हाईक सालटी काढतं!" "फांदीत अडकून सुटला नाही तर मान मुरगळेल." बाप गोंधळला. सोल चिकटवायचं सोल्युशन बाजूला ठेवून त्याने चिकटपट्टी लावली, काढली, कापून लावली. "किती जोरात पडणार आहेस? त्या मापाने लावतो." लेक हसली, बापाला हसू येईना. त्याने हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं, कॅमेरा दाराच्या कडीत अडकवून हिसडा दिला. मानेत कळ आली. पट्टी आणखी कापली. डोकं गदागदा हलवलं तरी कॅमेरा ढिम्म. कडीत हिसडताच टपकन पडला. "आता खुशाल पड!" बाप म्हणाला आणि गडबडला. "म्हणजे... पडू नकोस."