द्वादशीचं ताट

"ताई, तो कोंबडा सोड," हिएप म्हणाला. "आज काही करायचं नाही."

लुआने कोंबड्याचे पाय आधीच बांधले होते. चुलीवर पाण्याला आधण आलं होतं. चिकट तांदूळ कालपासून भिजत होता. ती जागची उठली नाही.

"बाबा गेले आठव्या महिन्यात," हिएप म्हणाला. "म्हणजे त्यांचं श्राद्ध आता आठव्या महिन्यात. एका माणसाची दोन श्राद्धं कुठे असतात? चुकीच्या तिथीला हाक मारली तर गेलेला माणूस भलतीकडेच भटकतो. हे मी तुला सांगायचं?"

"मला बाबांनीच सांगितलंय. तिसऱ्या महिन्यातली द्वादशी चुकवू नकोस म्हणाले."

"का म्हणून?"

"ते नाही सांगितलं."

"आणि तू विचारलंही नाहीस!"

लुआने विचारलं नव्हतं. त्या दिवशी बाबांना फार धाप लागत होती. तिला वाटलं, उद्या विचारू.

द्वादशीची गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. लुआ सात वर्षांची असताना दक्षिणेकडच्या लढाईवरून कागद आला. त्यावर बाबांचं नाव होतं: थुआन, रणात कामी आला, तिसऱ्या महिन्याची द्वादशी. आईने कपाळाला पांढरी पट्टी बांधली. चार वर्षं त्या तिथीला ताट वाढलं. मग एके सकाळी थुआन स्वतःच भातखाचराच्या बांधावरून चालत आला. एका कानाने बहिरा, पायांत टायरच्या चपला. आईने त्याला पाहिलं, घरात पळाली आणि दाराला कडी घातली. तो जिवंत आहे हे पटवायला त्याला अर्धा तास लागला.

आईने लगेच श्राद्ध बंद करायचं ठरवलं. थुआनने करू दिलं नाही. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं तो स्वतःच्या हाताने कोंबडा उकडायचा, ताट मांडायचा, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे काहीतरी पुटपुटायचा. उदबत्त्या जळून संपेपर्यंत घासाला हात लावायचा नाही.

"काय थुआन, स्वतःच्या श्राद्धाचं पचतं का रे?" शेजारी विचारायचे.

"घरचंच आहे. न पचायला काय झालं?"

एरवी तो सायकली दुरुस्त करायचा. पंक्चर काढता काढता मोठ्याने आणि बेसूर गायचा. लुआ शाळेतून येताना दिसली की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तिचं दप्तर घ्यायला यायचा. लढाईचं विचारलं तर एवढंच म्हणायचा, "पाऊस फार होता." हिएपला मात्र द्वादशीची शरम वाटायची. शाळेत पोरं त्याला भुताचा मुलगा म्हणायची.

अंगणात सायकल टेकल्याचा आवाज झाला. शेजारच्या गावचे बाओकाका आले होते. ते बाबांच्या तुकडीतले. दर द्वादशीला तांदळाच्या दारूची बाटली घेऊन यायचे, कमी बोलायचे, जेवून जायचे.

"बसा काका," हिएप म्हणाला. "पण आज ताट नाही. बाबांची तिथी बदलली."

"तुझ्या बापाची बदलली," बाओकाका म्हणाले. "त्याची कुठे बदलली?"

"कोणाची?"

काका पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी चपला काढल्या नाहीत.

"थुआनने मला बोलू दिलं नाही. दोष तुझ्यावर येईल म्हणायचा. आता तो नाही, आणि मीही ऐंशीला टेकलो. लढाईतल्या त्या द्वादशीला दुपारी सात जण नवे आले होते. त्यांतल्या एकाला हिवताप. अठरा-एकोणीसचं पोर, दात वाजत होते. तुझ्या बापाने अंगातला सदरा काढून त्याला घातला आणि ओढ्यावर पाणी आणायला गेला. तेवढ्यात विमानं आली, बॉम्बने तळ पेटला."

काकांनी दारूची बाटली पायरीवर ठेवली.

"आम्ही सगळे खिशात औषधाची छोटी बाटली ठेवायचो. आत नाव-गावाची चिठ्ठी, वर घट्ट बूच. माणूस ओळखू आला नाही तरी चिठ्ठी वाचता यावी म्हणून. त्या पोराचा चेहरा राहिला नव्हता. मी सदऱ्याच्या खिशातली बाटली उघडली. चिठ्ठीवर थुआन लिहिलं होतं. मीच त्याला पुरलं, मीच वर कळवलं. ओढ्याकाठी जखमी होऊन पडलेल्या थुआनला दुसऱ्या तुकडीने उचलून नेलं, ते मला लढाई संपल्यावर कळलं."

"त्या मुलाचं नाव काय होतं?" लुआने विचारलं.

"येऊन तीन तास झाले होते त्याला. कोणी विचारलंच नाही. यादी त्याच आगीत जळाली. थुआन आणि मी बारा वर्षं गावोगाव शोधत फिरलो. त्याच्या घरी कागद गेलाच नाही ना. घरचे वाट बघत बसले असतील. ज्याची वाट बघतात त्याचं श्राद्ध कोण घालणार? त्याला वर्षाकाठी हे एवढं एकच ताट."

हिएप चुलीपाशी गेला. मग त्याने लुआच्या हातातून कोंबडा घेतला.

"ताई, सुरी कुठे ठेवलीस?"

दुपारी ताट तयार झालं. उकडलेला कोंबडा, चिकट भात, बांबूच्या कोंबांचं सार, काकांची दारू. हिएपने तीन उदबत्त्या पेटवल्या आणि अडखळला.

"नावाने बोलावल्याशिवाय गेलेले येत नाहीत. काय म्हणून हाक मारू, काका?"

"ज्या नावाने पुरलं त्याच नावाने. दुसरं आपल्यापाशी आहे कुठे?"

बापाचं नाव मुलाने तोंडाने घ्यायचं नाही, ही तिथली रीत. एवढ्या वयात हिएपने ते उघडपणे कधी उच्चारलं नव्हतं. कचेरीत विचारलं तरी तो कागदावर लिहून द्यायचा. त्याने उदबत्त्या कपाळाला लावल्या. मग धाकट्या भावाला अंगणातून बोलवावं तसा तो म्हणाला,

"ये रे थुआन. हात धू, जेवण निवतंय."