रेघ न् रेघ

बाबांचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. घरांचे नकाशे काढताना त्यावर रेघा पुसट दिसतात, अशी त्यांची दोन महिने कुरकुर चालली होती. शेवटी मुलाने नवं ग्राफिक्स कार्ड आणून स्वतःच बसवलं.

“बघा आता.”

“तसंच आहे रे.”

मुलाने ड्रायव्हर बदलला, केबल बदलली. त्याला तर नकाशातल्या भिंतींची जाडीसुद्धा स्पष्ट दिसत होती, पण बाबांचं आपलं एकच पालुपद, “पुसटच आहे.” तिसऱ्यांदा सीपीयूचं झाकण उघडताना पत्रा बोटाला लागला आणि तो वैतागला, “या जुन्या खोक्यापुढे किती डोकं फोडायचं!”

बाबांनी खुर्ची जरा मागे घेतली.

मुलाने कार्ड पुन्हा घट्ट बसवलं, बटण दाबलं. आतला पंखा घरघरू लागला, तसे बाबा लगबगीने म्हणाले, “वा! आता कसं, रेघ न् रेघ लख्ख दिसतेय. जमवलंस हं!”

मॉनिटरची केबल अजून मुलाच्या हातातच होती. स्क्रीन काळीठिक्कर.

सकाळपासून पहिल्यांदाच त्याने बाबांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.